एका चित्राच्या दोन कांचा

समुद्र नीट उमटला कीं आकाश पांढरेंफटक, आणि आकाश साधलें कीं समुद्र काळाठिक्कर, ही १८५० नंतरच्या छायाचित्रकारांची नित्याची रड होती. कारण कलोडियनच्या कांचेवर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार लवकर होई. फ्रान्सच्या ग्युस्ताव्ह ल ग्रे यानें तोड काढली : एक कांच आकाशाच्या बेतानें, दुसरी समुद्राच्या बेतानें अधिक काळ प्रकाशांत धरावयाची आणि क्षितिजावर जुळवून दोन्ही एकाच कागदावर छापावयाच्या. सेत येथील १८५७ ची ‘मोठी लाट’ अशीच जन्मली. एकच आकाश त्यानें निरनिराळ्या समुद्रांवर पसरलें, ही मात्र लबाडीच! आजचा कॅमेरा कमीअधिक प्रकाशाचीं तीनचार चित्रें क्षणांत टिपून जुळवितो. ल ग्रेची पॅरिसमधील चित्रशाळा १८६० मध्यें बुडाली. पुढें कैरोस चित्रकला शिकवून त्यानें पोट भरलें, आणि १८८४ मध्यें तो तेथेंच वारला.