उसगाळीमळचा कातळ

डिचोलीजवळच्या कुडण्यात पडकी जैन बसदी दाखवायला मुलांना नेलं, तेव्हा धाकट्यानं विचारलं, "आई, ही आपली?" तो प्रश्न उसगाळीमळला पुन्हा आठवला. सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठी जांभ्या कातळावर बैल, हरणं, चक्रव्यूहासारखं वर्तुळ कोरलेलं आहे. १९९३ साली गावच्या लोकांनी सांगितलं, तेव्हा कुठं ते पुरातत्त्व खात्याला कळलं. मी शाळेत शिकले ते कदंब नि पोर्तुगीज. हा कातळ कुणी दाखवलाच नाही. गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला २००३ मध्ये. दाखला हाती आला खरा, पण त्यांच्या मुलांनी "ही आपली?" कुणाला विचारायचं? इतिहासाचा एक तास या कातळावरच भरवावा, आणि बोलायला गावचेच एखादे वेळीप आजोबा बसवावेत. मास्तरांनी त्या दिवशी ऐकावं.