दुसऱ्या वाटेने गेलेली प्रत : व्यावसायिक नोंदींच्या संरक्षणाची वाटचाल आणि पुढील दिशा

व्यवसायाच्या नोंदी सुरक्षित कशा ठेवाव्यात, हा प्रश्न संगणकाच्या आधीपासूनचा आहे. मात्र त्याचा इतिहास सहसा साधनांचा इतिहास म्हणून सांगितला जातो : आधी वही, मग चुंबकीय फीत, मग डिस्क आणि शेवटी क्लाउड. ही मांडणी सोयीची असली तरी अपुरी आहे. प्रत केलेली असूनही नोंदी गमावल्या गेल्याची उदाहरणे अनेक आहेत, आणि अशा प्रसंगी प्रत मुळापासून पुरेशी वेगळी नव्हती असेच आढळते. 'वेगळी' या शब्दाचा व्यवहारातील अर्थ काळानुसार कसा बदलत गेला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

भारतीय सराफी व्यवहारात या प्रश्नाचे एक जुने उत्तर सापडते. हुंडी गहाळ झाली तर ती लिहून देणारा सराफ तिच्याऐवजी 'पैठ' देत असे; पैठही हरवली तर 'परपैठ'. या दुय्यम लेखांत मूळ हुंडीचा उल्लेख असे आणि तिची रक्कम आधी चुकती झाली नसेल तरच द्यावी, असा आशय असे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पैठ ही हरवलेल्या कागदाची नक्कल नव्हती. ती सराफाच्या पेढीवरील वहीच्या आधारे नव्याने लिहिली जात असे. कागद प्रवासात आणि नोंद पेढीवर, अशी ही विभागणी होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारींनी याहून साधा मार्ग पत्करला. महत्त्वाच्या पत्रांच्या दोन किंवा अधिक प्रती निरनिराळ्या जहाजांनी लंडनला पाठविल्या जात. एक जहाज बुडाले तरी दुसरे पोहोचेल, हा त्यामागचा हिशेब. कंपनीच्या कारभाराचा जो प्रचंड दप्तरसाठा आज ब्रिटिश लायब्ररीत आहे, तो घडण्यात प्रती दूर धाडण्याच्या या सवयीचा वाटा मोठा आहे.

संगणकयुगाच्या आरंभी वेगळेपणाचा अर्थ पुन्हा आखूड झाला. आयबीएमने १९५२ मध्ये चुंबकीय फितीवर माहिती साठविणारे यंत्र बाजारात आणले. पुढील काही दशके दिवसाचे व्यवहार फितीवर उतरवून ती दुसऱ्या इमारतीत नेऊन ठेवणे एवढीच संरक्षणाची कल्पना होती. धोका मुख्यतः आगीचा मानला जाई. २००५ च्या सुमारास पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने सुटसुटीत रूपात मांडलेला 'तीन-दोन-एक' हा नियम याच विचाराचा वारस होय : तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि एक प्रत अन्यत्र. ११ सप्टेंबर २००१ च्या न्यूयॉर्कमधील हल्ल्यानंतर आणि आपल्याकडे २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्यानंतर 'अन्यत्र' म्हणजे दुसरी इमारत नव्हे, दुसरे शहर, हे पटू लागले. भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने, म्हणजे सेबीने, शेअर बाजारांची पर्यायी केंद्रे शक्यतो वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रात असावीत अशी अपेक्षा व्यक्त केली, ती याच विचारातून.

अंतराच्या या कल्पनेला खरा तडा गेला तो २७ जून २०१७ रोजी. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून 'नॉटपेट्या' हा विषाणू पसरला. वरकरणी तो खंडणी मागणारा होता. प्रत्यक्षात पैसे भरूनही माहिती परत मिळण्याची सोय त्यात नव्हती. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचा जगभरचा कारभार त्याने काही तासांत ठप्प केला. न्हावा शेवा येथील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे संगणकही बंद पडले आणि कंटेनरची कामे हाताने करण्याची वेळ आली. कंपनीजवळ अनेक सर्व्हरचे बॅकअप होते. परंतु कोणाला कोठे प्रवेश द्यायचा हे ठरविणाऱ्या, सुमारे दीडशे 'डोमेन कंट्रोलर' यंत्रांचा स्वतंत्र बॅकअप नव्हता. ही यंत्रे सतत एकमेकांशी जुळवून घेत असल्याने प्रत्येक यंत्र इतरांची प्रतच आहे, असे गृहीत धरले गेले होते. ज्या वाटेने ती जुळत होती, त्याच वाटेने ती सर्व पुसली गेली. एक मात्र वाचले. घानामधील कार्यालयात हल्ल्याच्या वेळी वीज गेली होती आणि तेथील यंत्र जाळ्यापासून तुटलेले होते. तेथील इंटरनेट मंद असल्याने त्यातील माहिती अखेर विमानाने इंग्लंडला न्यावी लागली. जहाजातून पत्रे पाठविणाऱ्या जुन्या वखारदारांना यात फारसे नवल वाटले नसते. कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितल्यानुसार दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. नुकसानीचा कंपनीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलरचा होता.

प्रती किती दूर आहेत, यापेक्षा त्या एकाच अधिकाराखाली आहेत काय, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला. ठरावीक मुदतीपर्यंत व्यवस्थापकालाही बदलता वा पुसता न येणारी 'अपरिवर्तनीय' प्रत आणि जाळ्यापासून मुद्दाम तोडून ठेवलेली प्रत, या दोन्हींकडे उद्योगांचा वाढता कल याच अनुभवातून समजून घ्यावा लागतो.

प्रत असणे आणि तिच्यावरून कामकाज पुन्हा उभे करता येणे, यांतील अंतरही दुर्लक्षिण्याजोगे नाही. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० वाजता थांबले, ते दुपारी ३.४५ ला सुरू झाले. पर्यायी केंद्र असूनही त्या दिवशी कामकाज तेथे हलविले गेले नाही. त्यानंतर सेबीने बिघाडानंतर अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करण्याची आणि पुढील ४५ मिनिटांत कामकाज पूर्ववत करण्याची मर्यादा घातली. २ मार्च २०२४ या शनिवारी पर्यायी केंद्रावरून खरेखुरे व्यवहार करून या तयारीची चाचणीही घेण्यात आली. बहुसंख्य लहान संस्थांत अशी तालीम कधीच होत नाही, ही खेदाची बाब आहे.

माहितीचा आकारही आता आड येऊ लागला आहे. दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय माहिती केंद्राला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली, तेव्हा सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातील ८५८ टेराबाइट माहिती गेली. एवढ्या मोठ्या साठ्याची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती. उदाहरण शासकीय असले तरी खर्चाचा तोच हिशेब उद्योगही मांडत असतात.

भारतात यापुढील पेच कायद्याच्या अंगाने येणार, अशी चिन्हे आहेत. ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीनुसार कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवावा लागतो, आणि २०१३ च्या कंपनी अधिनियमानुसार हिशेबवह्या आठ वर्षे जपाव्या लागतात. दुसरीकडे, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने व्यक्तीला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला; त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. अन्य कायद्याने जी माहिती जपणे आवश्यक आहे तिला यातून सूट आहे. परंतु तशी आवश्यकता नसलेली माहिती अपरिवर्तनीय प्रतीत अडकली असेल, तर ती मुदतीपूर्वी पुसणार कशी? प्रत्येक ग्राहकाची माहिती वेगळ्या सांकेतिक किल्लीने बंद करावी आणि मागणी येताच केवळ ती किल्ली नष्ट करावी, असा एक मार्ग सुचविला जातो. मात्र तो स्वीकारल्यास एक किल्ली हरवली तरी त्या ग्राहकाची सारी नोंद गेली, म्हणून किल्ल्यांचीही राखीव प्रत हवी. आणि ती कोणाच्या ताब्यात ठेवायची, हे पुन्हा नव्याने ठरवावे लागते.