तांड्यापासून छोट्या हत्तीपर्यंत

मागच्या बैठकीत एकीनं विचारलं, "पोरगी टेम्पो चालवायचं म्हणते. घरचे म्हणतात, हे बायकांचं काम नव्हे. खरं का?" उत्तर द्यायला जरा मागं जावं लागेल.

आपल्याकडे दूरवर माल पोचवायचं मोठं काम बंजारा समाजाचं. कोकणातलं मीठ घाटावर, घाटावरचं धान्य खाली, बैलांच्या पाठीवर गोण्या लादून. तांडा म्हणजे अख्खं घरदार वाटेला लागलेलं, त्यात बायाही आल्याच. 1830 साली बोरघाटात गाडीरस्ता झाला, 1863 ला तिथंच आगगाडी चढली, आणि तांड्याचा धंदा बसला.

पुढं ट्रक आला आणि बाई वाटेवरून गळाली. ताकद नव्हती म्हणून नाही हं! ट्रक शिकायचा म्हणजे आधी क्लीनर व्हायचं. काच पुसा, टायर बदला, चढणीला चाकामागं दगड लावा, रात्री गाडीतच नाहीतर गाडीखाली झोपा. काही वर्षांनी उस्तादाची मर्जी झाली तर स्टिअरिंग हातात. लेकीला असं कोण पाठवणार? त्यात जकात नाक्यावर ताटकळणं. मुंबईची जकात तर 2017 ला जीएसटी आल्यावर गेली. मालवाहू गाडीच्या लायसन्सला आठवी पासची अट होती, ती 2019 मध्ये निघाली.

आता कामंही एकसारखी नाहीत. लांब पल्ल्याच्या ट्रकवर आठवडाभर घर दिसत नाही. दुधाची गाडी ठरल्या वाटेनं जाते, त्याच दिवशी परतते. पेट्रोल-गॅसच्या टँकरला वेगळं प्रशिक्षण लागतं. आणि 2005 साली आलेला छोटा हत्ती! गल्लीत शिरतो, भाजी, सिलिंडर, गटाचे पापड-मसाले पोचवतो, संध्याकाळी दारात उभा.

त्या पोरीसाठी कामाची गोष्ट. 7500 किलोपर्यंतच्या मालगाडीला साधं हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं. सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये ते पक्कं केलं. वय मात्र 20 पूर्ण हवं. पुढं मोठा ट्रक हवा असेल, तर हे लायसन्स वर्षभर हातात असलं पाहिजे, मगच शिकाऊ परवाना. नोकरी धरताना फेरी मुक्कामाची की परतीची, हे आधी विचारायचं. ड्रायव्हरला दिवसाचे 8 तास 1961 च्याच कायद्यानं ठरवले होते, तेही मालकाला सांगायचं.

तिची आई पुढच्या बैठकीला येणार आहे. पोरीलाही घेऊन ये म्हटलंय.