गव्हाण, बाजार आणि कारागीर : नाताळातील नेपल्समधील कार्यशाळांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

मराठीत रूढ झालेला ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’ या शब्दावरून आला. त्याचे मूळ जन्मवाचक लॅटिन शब्दात असून इटालियन भाषेतील ‘नाताले’ हा त्याच कुळातील शब्द होय. दक्षिण इटलीतील नेपल्स या प्राचीन नगरात नाताळचे केंद्र म्हणजे ‘प्रेसेपे’. या शब्दाचा मूळ अर्थ गव्हाण. बाळ येशूला गव्हाणीत निजविले, या बायबलमधील प्रसंगाचा मूर्तिरूप देखावा म्हणजे प्रेसेपे. वसईत आणि गोव्यात नाताळात मांडला जाणारा गोठा याच परंपरेचा आपल्याकडील आविष्कार आहे.

नेपल्समध्ये या देखाव्याच्या मूर्ती घडविणाऱ्या कारागिरांच्या कार्यशाळा सान ग्रेगोरियो आर्मेनो या अरुंद गल्लीत एकवटलेल्या आहेत. नोव्हेंबरपासून ६ जानेवारीच्या ‘तीन राजांच्या’ सणापर्यंत तेथे एवढी गर्दी लोटते की, पादचाऱ्यांसाठीही एकेरी मार्गाची व्यवस्था करावी लागते. गल्लीतून जाणाऱ्या अभ्यासकासमोर एक प्रश्न उभा राहतो. मेंढपाळ आणि देवदूत यांच्या शेजारी फुटबॉलपटू, गायक व राजकीय नेते यांच्या मातीच्या प्रतिमा विक्रीस असतात. ही परंपरा म्हणावी की परंपरेचे बाजारीकरण? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा इतिहासाच्या आधारे विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

गल्ली आणि नगररचना

नेपल्सचे मूळ नाव ‘नेआपोलिस’, म्हणजे नवे नगर. ग्रीक वसाहतकारांनी वसविलेल्या या नगराची काटकोनी रस्त्यांची आखणी आजही जुन्या भागात टिकून आहे. पूर्व-पश्चिम जाणारे लांब मार्ग आणि त्यांना छेदणाऱ्या उत्तर-दक्षिण अरुंद गल्ल्या, असे तिचे स्वरूप आहे. सान ग्रेगोरियो आर्मेनो ही अशीच एक छेदगल्ली असून ती व्हिया देई त्रिबुनाली व सान बियाजो देई लिब्राई या दोन मार्गांना जोडते. या ऐतिहासिक नगरभागाचा युनेस्कोने १९९५ साली जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

गल्लीच्या वरच्या टोकाला सान लोरेन्झो माज्जोरे हे चर्च आहे. त्याच्याखाली झालेल्या उत्खननात रोमन काळातील बाजारपेठ उजेडात आली असून, ओळीने असलेले दुकानांचे गाळे तेथे उतरून पाहता येतात. या परिसराचा व्यापाराशी असलेला संबंध सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे, हे त्यावरून स्पष्ट होते. बाजार हा येथे परंपरेवर बाहेरून झालेला आघात नसून तिचा पाया आहे, ही गोष्ट पुढील विवेचनात लक्षात ठेवणे अगत्याचे ठरेल.

चर्चपासून राजदरबारापर्यंत

संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली मध्य इटलीतील ग्रेच्चो या गावी नाताळच्या रात्री गव्हाण व जिवंत जनावरे यांच्या साहाय्याने ख्रिस्तजन्माचा प्रसंग उभा केला. या देखाव्याच्या लोकप्रियतेचा आरंभ तेथून मानला जातो. नेपल्समध्ये पंधराव्या शतकात पिएत्रो व जोव्हान्नी आलेमान्नो यांनी सान जोव्हान्नी आ कार्बोनारा या चर्चसाठी लाकडात कोरलेल्या मोठ्या मूर्ती घडविल्या. या मूर्ती स्थिर, गंभीर आणि उपासनेसाठी होत्या.

अठराव्या शतकात हे स्वरूप पालटले. बूर्बाँ घराण्यातील चार्ल्स १७३४ साली नेपल्सच्या गादीवर आला आणि १७५९ साली स्पेनचा राजा होऊन तेथून गेला. या पंचवीस वर्षांत राजवाड्यातील प्रेसेपे हा दरबारी जीवनाचा भाग बनला. राजा स्वतः देखाव्याच्या रचनेत रमत असे आणि राणी मारिया अमालिया मूर्तींची वस्त्रे शिवीत असे, असे सांगितले जाते. राजाचे अनुकरण सरदारांनी केले, सरदारांचे धनिक व्यापाऱ्यांनी. नाताळात एकमेकांच्या वाड्यांतील देखावे पाहण्यास जाणे हा प्रतिष्ठित समाजाचा शिरस्ता झाला.

याच काळात ग्रेगोरियो मारिया रोक्को या डोमिनिकन धर्मगुरूने गोरगरिबांच्या वस्तीत घरोघरी प्रेसेपे मांडण्याचा प्रचार केला. नेपल्सच्या अंधाऱ्या गल्ल्यांत देवळ्या उभारून त्यांपुढे दिवे लावण्याची प्रथा पाडण्याचे श्रेयही त्यालाच दिले जाते. सारांश, दरबारी हौस आणि लोकभक्ती हे दोन प्रवाह एकाच वेळी वाहत होते. कारागिरांना मागणी मिळाली ती या दोहोंतून.

एका मूर्तीमागील अनेक हात

अठराव्या शतकातील नेपल्सची मूर्ती साधारणपणे फूट-सव्वा फूट उंचीची असते. तिचे मस्तक भाजलेल्या मातीचे, हात-पाय बहुधा लाकडाचे आणि डोळे काचेचे असतात. धड मात्र तारेच्या सांगाड्याभोवती तंतू गुंडाळून तयार केलेले असते. त्यामुळे मूर्तीला हवी तशी वाकवून उभी, बसलेली वा धावणारी करता येते. त्यावर रेशमी किंवा सुती वस्त्रे चढविली जातात. कासेर्ताजवळील सान लेउचो येथे बूर्बाँ राजांच्या आश्रयाने रेशमाचा उद्योग उभा राहिला आणि तेथील वस्त्राचा उपयोगही या मूर्तींसाठी होऊ लागला.

एक मूर्ती ही एका व्यक्तीची निर्मिती नव्हती. मस्तक घडविणारा एक, लाकूड कोरणारा दुसरा, वस्त्रे शिवणारा तिसरा, असे श्रमविभाजन होते. फळे, भाज्या, मासे, टोपल्या, भांडी, वाद्ये आणि दागिने यांच्या चिमुकल्या प्रतिकृती करणारे निराळेच. साव्हेरियो व निकोला वास्साल्लो यांची ख्याती प्राण्यांच्या मूर्तींसाठी होती. सानसेव्हेरो चॅपेलमधील ‘अवगुंठित ख्रिस्त’ (१७५३) हे संगमरवरी शिल्प घडविणारा जुझेप्पे सानमार्तीनो यानेही प्रेसेपेसाठी मातीची मस्तके केली. म्हणजे ‘उच्च’ शिल्पकला आणि ‘हलकी’ कारागिरी अशी जी विभागणी आपण आज करतो, ती त्या काळच्या नेपल्समध्ये इतकी कठोर नव्हती.

तथापि संग्रहालयाच्या पाटीवर नाव येते ते सानमार्तीनोचे. तार वळविणारा, बाही शिवणारी, माशाच्या पाठीवर खवले रंगविणारा हे सर्व अनामिकच राहिले. मोजक्याच मूर्तींवर सही आढळते. त्यामुळे इतिहासकाराला कागदपत्रांइतकाच वस्तूचाही आधार घ्यावा लागतो. तारेचा पीळ, टाक्याची ठेवण, रंगाचा थर हीच येथे साधने होत.

देखाव्यात उमटलेला समाज

नेपल्सच्या प्रेसेपेचे वैशिष्ट्य हे की त्यात बेथलेहेम जवळजवळ नाहीच. ख्रिस्तजन्माचा प्रसंग पडक्या रोमन मंदिरात घडतो. त्याच्या शेजारी नेपल्सची खानावळ असते, तेथे मांस टांगलेले असते, मद्यविक्रेता पिंपासह उभा असतो. मासळीवाला, चेस्टनट भाजणारा, धुणे धुणारी स्त्री, भिकारी, डोंगरातून येणारे ‘झांपोन्या’ वाद्याचे वादक हे सारे अठराव्या शतकातील नेपल्सचे नागरिक आहेत. पार्श्वभूमीला पुष्कळदा विसुव्हिअस असतो. तीन राजांच्या लवाजम्यातील पौर्वात्य वेषांना समकालीन संदर्भ आहे. १७४१ साली तुर्की वकिलात नेपल्सला आली होती आणि चित्रकार जुझेप्पे बोनितो याने तिचे चित्रही काढले. गटे यानेही आपल्या १७८७ मधील इटली-प्रवासात नेपल्सच्या या देखाव्यांची नोंद घेतली.

विशेष म्हणजे मेंढपाळ असो वा मासळीवाला, या सर्व मानवी मूर्तींना सरसकट ‘पास्तोरी’, म्हणजे मेंढपाळच म्हटले जाते. आपल्याकडे दिवाळीच्या मातीच्या किल्ल्यावर शिवाजी महाराज व मावळे यांच्याजवळच वाणी, शेतकरी, गवळण यांची चित्रे मांडतात. तेथे मुलांना कालविसंगती खटकत नाही. पवित्र वा वीर प्रसंग आपल्या ओळखीच्या जगात आणून बसविणे, ही वृत्ती दोन्हीकडे सारखीच दिसते.

या दृष्टीने पाहता, आजच्या गल्लीतील फुटबॉलपटूची मूर्ती परंपरेशी विसंगत ठरत नाही. दिएगो माराडोना १९८४ ते १९९१ या काळात नेपल्सच्या संघाकडून खेळला आणि नगराच्या अस्मितेचा भाग झाला. त्याची मातीची प्रतिमा प्रेसेपेत येणे हे अठराव्या शतकात मद्यविक्रेत्याने गव्हाणीजवळ उभे राहण्यासारखेच आहे. नवे चेहरे येणे हा या कलेचा नियम आहे, अपवाद नव्हे.

आश्रय ओसरल्यानंतर

१७९९ ची क्रांती, फ्रेंच अंमल आणि १८६१ साली इटलीच्या एकीकरणानंतर गेलेला राजधानीचा दर्जा, या घटनाक्रमात सरदार घराण्यांचे वैभव ओसरले. त्यांचे संग्रह विखुरले. मिकेले कुचिनिएल्लो याने आपला संग्रह नगराला दिला आणि १८७९ साली तो सान मार्तीनो मठातील संग्रहालयात मांडला गेला. म्युनिकच्या बव्हेरियन राष्ट्रीय संग्रहालयात माक्स श्मेडेरेर याने जमविलेल्या संग्रहातील नेपल्सच्या मूर्ती आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लॉरेटा हाइन्स हॉवर्ड यांच्या संग्रहातील मूर्ती १९५७ पासून नाताळच्या वृक्षावर मांडल्या जातात.

संग्रह परदेशी गेले, पण कारागिरी गल्लीत राहिली. तिचा ग्राहक मात्र बदलला. सामान्य कुटुंबासाठी साच्यातून काढलेल्या, रंगविलेल्या लहान मातीच्या मूर्ती हा व्यवसायाचा कणा झाला. दरवर्षी एखादी नवी मूर्ती घेऊन घरचा देखावा वाढवीत नेणे ही रीत पडली. एदुआर्दो दे फिलिप्पो याच्या १९३१ सालच्या ‘नाताले इन काझा कुपिएल्लो’ या नाटकातील गृहस्थ घरच्या प्रेसेपेत इतका गढलेला असतो की कुटुंबातील पडझड त्याच्या ध्यानात येत नाही. प्रेक्षकांना हे पात्र घरचे वाटले, यावरून ही रीत किती खोलवर रुजली होती याची कल्पना येते.

डिसेंबरमधील दुकान, जूनमधील कार्यशाळा

नाताळात या गल्लीत जाणाऱ्यास जे दिसते ते मुख्यतः दुकान असते. फळ्यांवर मूर्तींच्या रांगा, बुचाच्या सालीची घरे, शेवाळ, विजेवर हलणारा लोहार, लाल शिंगाचे तोडगे. एखादा कारागीर दारात बसून मस्तक रंगवीत असतो, तेही अंशतः ग्राहकांसाठी. माती मळणे, साचे भरणे, भट्टी लावणे, तारा वळविणे ही कामे वर्षभर आतल्या बाजूस किंवा अन्यत्र चाललेली असतात. पेणचे गणेशमूर्तिकारही वर्षभर राबतात, पण आपल्याला ते आठवतात श्रावण-भाद्रपदात. सणाच्या काळातील भेट कारागिरीचे फळ दाखविते, प्रक्रिया नव्हे.

हा फरक केवळ अभ्यासपद्धतीचा नाही. हंगामी गर्दीवर व्यवसाय अवलंबून असेल, तर विक्री करणे कारागिरी शिकण्यापेक्षा अधिक किफायतशीर ठरते. कारखान्यात तयार झालेली स्वस्त मूर्ती आणि हाताने घडविलेली मूर्ती एकाच फळीवर शेजारी आल्या, तर घाईतल्या पर्यटकाला त्यांतील भेद कळत नाही. जे हात तार वळवितात त्यांना शिष्य मिळेनासा झाला, तर पुढच्या पिढीकडे साचा उरेल, पण मस्तक घडविण्याचे ज्ञान उरणार नाही. २०२० च्या महासाथीत नाताळची गर्दी आटली, तेव्हा एकाच हंगामावर विसंबलेल्या या अर्थव्यवस्थेची नाजूक बाजू उघड झाली.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, नेपल्सच्या प्रेसेपेला बाजाराने बिघडविले हे मत इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. ही कला राजाच्या हौसेवर, धर्मगुरूच्या प्रचारावर आणि ग्राहकाच्या पैशावर वाढली. तिने आपल्या काळातील माणसे नेहमीच गव्हाणीभोवती आणून उभी केली. तिला खरा धोका नव्या चेहऱ्यांपासून नसून, ते चेहरे घडविणाऱ्या हातांची साखळी तुटण्यापासून आहे.

इतिहासाच्या अध्यापकांच्या दृष्टीने याचा एक व्यावहारिक अर्थ आहे. विद्यार्थ्यांना घेऊन आपण एखाद्या कारागिराच्या कार्यशाळेत जातो, तेव्हा ‘ही कला किती जुनी?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याच्या जोडीने आणखी तीन प्रश्न विचारावेत : या वस्तूवर किती हातांनी काम केले, ते हात हे काम कोणाकडून शिकले आणि सण संपल्यावर ते काय करतात? नेपल्स असो वा आपले एखादे जुने शहर, कारागिरीच्या इतिहासाची जी साधने ग्रंथालयात मिळत नाहीत, ती या प्रश्नांच्या उत्तरांत आहेत. सांगणारे हयात आहेत तोवर ही उत्तरे लिहून घेणे, हे आपल्या विषयाचेच कर्तव्य होय.