सिंधी कविता आणि तिची चाल

मुलुंड कॉलनीतून जाताना कानांवर पडणारी सिंधी बोली आम्हां मराठी माणसांना फारशी कळत नाही. पण ती गाऊ लागली की ओळखीची वाटते. असे का व्हावे, हे थोडे पाहू.

१९४७ साली पंजाब आणि बंगाल यांची फाळणी झाली. सिंध मात्र अखंडच पलीकडे गेला. इकडे आलेल्या सिंधी हिंदूंना भाषा होती, पण तिला प्रांत राहिला नाही. घटनेच्या आठव्या परिशिष्टात सिंधीला जागा मिळायलाही १० एप्रिल १९६७ हा दिवस उजाडावा लागला. त्यातच लिपीचा वाद. १८५३ पासून चालत आलेली बावन्न अक्षरांची अरबी वळणाची लिपी ठेवावी की देवनागरी घ्यावी, यावर विद्वान भांडत राहिले आणि मुले इंग्रजी शाळेत गेली!

अशा वेळी कविता टिकली ती गळ्यात. शाह अब्दुल लतीफ (१६८९–१७५२) यांच्या ‘रिसालो’चे अध्यायच मुळी ‘सुर’ म्हणून ओळखले जातात. कोणी सारंग, कोणी कल्याण, तर कोणी मारुईसारख्या नायिकेच्या नावाचा. उमरकोटात कोंडलेली मारुई आपल्या थरच्या माळरानासाठी झुरते. घर सुटलेल्यांना ती कथा कोणी समजावून सांगावी लागली नसेल.

मुंबईत ही परंपरा मोठ्या हौसेने चालविली ती प्रा. राम पंजवाणी (१९११–१९८७) यांनी. कराचीहून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ साली येथे जयहिंद कॉलेज काढले. पंजवाणी तेथे सिंधी शिकवीत. १९६४ साली त्यांच्या कादंबरीला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. परंतु लोकांच्या स्मरणात राहिले ते मडके वाजवीत गाणारे पंजवाणी. सांताक्रूझचे सीता सिंधू भवन हे त्यांच्याच खटपटीचे फळ. मडके कोणत्याही घरात सापडते, हे त्या वाद्याचे केवढे भाग्य!

आता चालीकडे वळू. सिंधी शब्द स्वरान्त असतो. ‘घरु’ म्हणजे एक घर, ‘घर’ म्हणजे अनेक घरे. आणि हा दुसरा शब्द उच्चारताना अन्त्य अकार ऐकू यावा लागतो. चाल लावणाराने सिनेमाच्या ठेक्यासाठी शेवटचा ऱ्हस्व स्वर गिळला, तर वचनच हरवते. आमच्या बोलण्यातला अन्त्य अकार कधीच गेला. तरी ओवी म्हणताना, अभंग आळविताना तो परत येतो. ओळख पटते ती बहुधा येथेच. शिवाय ग, ज, ड, ब यांचे श्वास आत ओढून करावयाचे चार निराळे उच्चार सिंधीत आहेत. हिंदीच्या सवयीने गाणारा ते सपाट करून टाकतो आणि ऐकणाऱ्या आजीच्या कपाळाला आठी पडते. लिपी न येणाऱ्या नातवाला मात्र ते उच्चार शिकायला आजीजवळ तेवढे गाणेच उरलेले असते. म्हणून ती त्याला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावते.