शंकर आबाजी भिसे आणि न मिळालेला जीवनगौरव

'एएसएमई' ही अमेरिकेतली यंत्र अभियंत्यांची संस्था, स्थापना १८८० ची. यंत्रणांची रचना आणि रोबोटिक्स यांत आयुष्यभर केलेल्या कामासाठी ती एक पुरस्कार देते. असे सन्मान बहुधा प्राध्यापकांकडे जातात. शोधनिबंध, विद्यार्थी, पाठ्यपुस्तकं असं सगळं तिथे मोजता येतं. पण ज्यानं जन्मभर यंत्रंच रचली आणि ती बाजारात टिकली नाहीत, त्याचं आयुष्य कसं मोजायचं?

शंकर आबाजी भिसे यांच्याबद्दल वाचताना मला हा प्रश्न पडला. जन्म मुंबईचा, २९ एप्रिल १८६७. वाणसामान आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या आराखड्यावर त्यांनी लंडनच्या एका नियतकालिकाची स्पर्धा जिंकली. पुढे ते लंडनला गेले, तेव्हा दादाभाई नौरोजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

तोलणं सोपं वाटतं, पण तसं नाही. काटा ठरलेल्या वजनावर आला आणि झडप बंद केली, तरी वाटेत असलेला माल खाली पडतोच. म्हणून झडप आधी मिटवावी लागते, शेवटचा माल बारीक धारेनं सोडावा लागतो. आमच्या भिवापूरची ओळख म्हणजे मिरची. तिच्या तिखटाचं पाकीट आज यंत्र भरतं, तेव्हा हा हिशेब सेन्सर आणि माझ्यासारख्याचा कोड करतो. भिसेंच्या काळी तो तरफा, कॅम आणि वजनं यांनीच करायचा होता.

मग त्यांनी छपाईला हात घातला. १८८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लायनोटाइप कामाला लागलं होतं, ते अख्खी ओळ ओतायचं. मोनोटाइप सुटा खिळा पाडायचं. खिळा पाडायचा म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा रस साच्यात दाबायचा, तो गोठू द्यायचा, खिळा बाहेर ढकलायचा. प्रत्येक खिळ्याची उंची तंतोतंत सारखी हवी, नाहीतर शाई सगळीकडे लागत नाही. वेग वाढवायचा तर गोठायला वेळ मिळत नाही. खरी अडचण हीच. भिसेंचा 'भिसोटाइप' मिनिटाला सुमारे १,२०० खिळे पाडत असे, असं सांगतात.

१९१० मध्ये सर रतन टाटांच्या भांडवलावर 'टाटा-भिसे' सिंडिकेट निघालं. काही वर्षांत तेही आटोपलं आणि भिसे अमेरिकेला गेले. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते वारले. त्यांच्या नावावर सुमारे २०० शोध आणि चाळीसेक पेटंटं सांगितली जातात.

त्यांना 'भारताचा एडिसन' म्हणतात. मला ही उपमा अपुरी वाटते. एडिसनकडे प्रयोगशाळा होती, कारागीर होते, कारखाने होते. छापखानदार नवं यंत्र घेतो तेव्हा सुटे भाग उद्या मिळतील का, दुरुस्तीला माणूस येईल का, हे आधी विचारतो. लायनोटाइप आणि मोनोटाइपच्या कंपन्यांकडे याचं उत्तर होतं. परक्या देशात उसन्या भांडवलावर उभ्या असलेल्या एकट्या माणसाकडे ते कुठून असणार?

म्हणून भिसेंना मरणोत्तर पुरस्कार द्या, असं माझं म्हणणं नाही. आपल्या तालुक्याच्या गावांत आजही कुणीतरी फॅब्रिकेशनच्या दुकानात बसून नवं यंत्र जोडत असतो. त्याला शाल-श्रीफळ म्हातारपणी मिळालं तरी चालेल. दुसरं यंत्र बनवण्यापुरतं भांडवल मात्र त्याला आत्ता हवं.