कल्याणपूरची खुंटी

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा असेल. जुन्या टोपोशीटवरून किल्ल्यावरच्या टाक्याचे अक्षांश-रेखांश काढायचे, मोबाइलमध्ये भरायचे, आणि खूण टाक्यावर पडायच्या ऐवजी शे-दीडशे मीटर बाजूला पडायची. कधी कधी तर थेट कड्याच्या बाहेर. मग खापर फुटतं ते नकाशावर नाहीतर मोबाइलवर. खरं तर दोघांचंही गणित बरोबर असतं. फक्त दोघांनी पृथ्वी वेगवेगळी धरलेली असते.

डोंगरदऱ्यांच्या खऱ्या पृथ्वीवर गणित मांडता येत नाही. म्हणून मोजणी करणारे तिच्या जागी एक गुळगुळीत, ध्रुवांकडे किंचित चपटा गोल मानतात आणि तो एखाद्या ठिकाणी खऱ्या जमिनीशी जुळवून घेतात. गोलाची मापं आणि तो जुळवण्याची रीत मिळून होतो तो डेटम. आपल्या जुन्या नकाशांचा गोल ज्या खुंटीला बांधला होता, ती खुंटी मध्य प्रदेशात सिरोंजजवळच्या कल्याणपूरला आहे.

तिची कुळकथा सुरू होते मद्रासमध्ये. 10 एप्रिल 1802 रोजी विल्यम लॅम्बटनने सेंट थॉमस माउंटजवळ पहिली आधाररेषा मोजायला घेतली. शंभर फुटी पोलादी साखळी लाकडी पेट्यांतून ताणून धरायची, तापमान टिपायचं, पुढे सरकायचं. साडेसात मैलांना 57 दिवस लागले. पण ही एक बाजू हाती आली की पुढे फारसं अंतर मोजावं लागत नाही. दोन टोकांवरून तिसऱ्या टेकडीचे कोन घेतले की त्रिकोण सुटतो, आणि त्याच्या बाजूवर पुढचा त्रिकोण उभा राहतो. कोन घेणारं थिओडोलाइट अर्ध्या टनाचं होतं. लॅम्बटन ही त्रिकोणांची माळ घेऊन उत्तरेकडे सरकत राहिला आणि नागपूरच्या वाटेवर, जानेवारी 1823 मध्ये, हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे.

काम आलं जॉर्ज एव्हरेस्टकडे. साखळीवर त्याचा भरवसा नव्हता. त्याने इंग्लंडहून कोल्बीच्या पट्ट्या आणल्या. त्यात पितळ आणि लोखंड यांच्या दहा फुटी पट्ट्या शेजारी-शेजारी जोडलेल्या असत. उन्हात पितळ जास्त वाढतं, लोखंड कमी. या फरकाचाच उपयोग करून टोकांच्या जिभल्यांवरचे दोन ठिपके असे बसवले होते, की पट्ट्या तापल्या तरी ठिपक्यांमधलं अंतर बदलू नये. कन्याकुमारीपासून मसुरीच्या पायथ्यापर्यंतचा सुमारे 2,400 किलोमीटरचा कंस अशा काटेकोरपणाने पुरा झाला. 1830 मध्ये त्याने पृथ्वीच्या गोलाची मापं मांडली. विषुववृत्तीय त्रिज्या आजच्या हिशेबात सुमारे 6,377 किलोमीटर 276 मीटर. हाच एव्हरेस्टचा गोल. तो कल्याणपूरला बांधला गेला, आणि मग भारतातल्या प्रत्येक त्रिकोणाचा हिशेब तिथून निघाला.

खुंटी ठोकताना आधार होता साध्या ओळंब्याचा. ताऱ्यांवरून अक्षांश काढायचा तर खाली कुठे आणि वर कुठे हे ओळंबाच सांगतो. इथेच गडबड निघाली. कल्याणपूर आणि उत्तरेतलं, मुझफ्फरनगरकडचं कलियाना यांच्यातलं अंतर त्रिकोणांवरून एक येई आणि ताऱ्यांवरून दुसरं. फरक होता अक्षांशाच्या 5.236 सेकंदांचा, म्हणजे जमिनीवर सुमारे 160 मीटरचा. एव्हरेस्टने तो मोजणीतली चूक समजून वाटून टाकला. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी मात्र वेगळा हिशेब केला: हिमालयाचं प्रचंड वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढत असणार. आकडेमोड केली तर ओढ निघाली जवळजवळ 15.9 सेकंदांची, म्हणजे प्रत्यक्षाच्या तिप्पट! डोंगर एवढा मोठा आणि ओढ एवढी कमी का? 1855 मध्ये जॉर्ज एअरीने उत्तर सुचवलं: डोंगराखाली हलक्या खडकाचं मूळ खोलवर गेलेलं असतं. कवच खालच्या जड थरावर तरंगतं, हा भूशास्त्रातला पायाभूत विचार नकाशाच्या एका न जुळलेल्या बेरजेतून पुढे आला.

म्हणजे खुंटीही पूर्ण सरळ ठोकलेली नव्हती. पण उपखंडापुरतं ते चालून गेलं, कारण सगळे नकाशे एकाच खुंटीचे होते. पंचाईत झाली ती उपग्रह आल्यावर. उपग्रह पृथ्वीच्या वस्तुमानाच्या केंद्राभोवती फिरतो. त्याला सिरोंजशी काय देणंघेणं? जीपीएससाठी ठरलेल्या डब्ल्यूजीएस-84 या गोलाची त्रिज्या 6,378 किलोमीटर 137 मीटर, एव्हरेस्टच्या गोलापेक्षा 861 मीटरने जास्त, आणि दोन्ही गोलांची केंद्रं एकमेकांपासून आठशेहून अधिक मीटर दूर. टाकं कड्याबाहेर पडतं ते या फरकामुळे. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापराचे नकाशे डब्ल्यूजीएस-84 वर नेले.

एवढ्याने प्रश्न मिटला असं नाही. भारताचा भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो, म्हणजे वीस वर्षांत मीटरभर. जीपीएसवर चालणारा मोजणीचा रोव्हर घेऊन शेतात उतरलेल्या भूकरमापकाला ही गोष्ट सोडून चालत नाही. बांध आणि शेजाऱ्याचं शेत दोन्ही बरोबरच सरकतात, जागतिक चौकटीतला जुना आकडा तेवढा मागे राहतो. तेव्हा अक्षांश-रेखांश लिहून देताना डेटमचं नाव टाकावं, आणि मीटरच्या आतलं काम असेल तर मोजणीचं सालही.